वडिलांची पद्मिनी आणि तीन मिस्त्रींची तीन निदाने

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका वाचकाचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा. पत्रलेखक 46 वर्षांचे असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतात. त्यांच्या वडिलांनी 1986 साली, आधी नंबर लावून आणि बराच काळ वाट पाहून, नवी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. ही गाडी 2016 पासून गावाकडच्या घराच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. ‘शेवटी इंजिनाने दगा दिला आणि बाबांनी ती लावून ठेवली,’ असे ते लिहितात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आता सहा महिन्यांनी आईची पंचाहत्तरी आहे आणि त्या दिवशी आईला याच गाडीतून वाईच्या गणपतीला न्यावे, अशी त्यांची इच्छा आहे. पहिल्या मिस्त्रीने नवी बॅटरी, नवे प्लग आणि प्लगच्या नव्या वायरी बसवल्या, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतले आणि गाडी सुरू केली. इंजिन निळसर धूर मारत होते, एकसारखे अडखळत (मिसिंग करत) होते आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर गेला, तेव्हा गाडी लगेच बंद केली. हा मिस्त्री म्हणतो, पूर्ण इंजिन काम आहे, बोअर करावे लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागतील. दुसऱ्याचे म्हणणे, या इंजिनावर पैसे घालू नका, भंगारात निघालेल्या गाडीचे चांगले इंजिन टाकून देतो. तिसरा म्हणतो, सगळा दोष कार्बोरेटरचा आहे. धाकटा भाऊ गाडी भंगारात द्या म्हणतो. आई फारसे बोलत नाही, फक्त एकदा म्हणाली, ‘शेवटी शेवटी हे दर रविवारी तिला तांब्याभर पाणी पाजायचे.’ पत्रलेखक विचारतात, तिघांपैकी विश्वास कोणावर ठेवावा? आणि इंजिनच बदलले, तर ती गाडी बाबांची राहील का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचले आणि ज्या वाक्यात काही मोजल्याचा उल्लेख असेल त्याखाली रेघ मारायची असे ठरवले. एकही रेघ पडली नाही. तिघांनी इंजिन ऐकले, धूर पाहिला आणि निकाल सांगितला. परंतु सिलिंडरमधला दाब मोजणारा कम्प्रेशन गेज कोणी लावला नाही, तेलाची डिपस्टिक ओढून पाहिल्याचा उल्लेख नाही आणि रेडिएटरचे झाकण थंड इंजिनावर कोणी उघडले असेल असेही वाटत नाही. त्यामुळे तिघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत असेल असे नाही. पण तिघांनी जे सांगितले तो अंदाज आहे, आणि बोअर करण्याचा निर्णय अंदाजावर घ्यायचा नसतो, कारण कापलेले लोखंड परत येत नाही.

यात मिस्त्रींना दोष देण्याआधी आपण ग्राहक म्हणून कसे वागतो तेही पाहू. आपल्याकडे गॅरेजात दुरुस्तीचे पैसे देतात, तपासणीचे देत नाहीत. दोन तास खर्च करून मिस्त्रीने सांगितले की इंजिन ठीक आहे, फक्त दोन वायरी उलट्या लागल्या आहेत, तर आपण त्याला चहाचे पैसे देऊन मोकळे होतो. मग जे काम हातात येईल असे वाटते, त्याच कामाकडे निदान झुकू लागले तर नवल नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, तिघांपैकी ज्याचा हात तुम्हाला स्वच्छ वाटला असेल, किंवा पद्मिनीसारख्या जुन्या फियाट हाताळलेला एखादा चौथा माणूस मिळाला तर त्याला, एका दिवसाच्या तपासणीचे पैसे वेगळे ठरवून द्या आणि स्पष्ट सांगा की आज काहीही दुरुस्त करायचे नाही, फक्त मोजायचे आणि लिहून ठेवायचे आहे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ॲम्बेसेडर, जीप किंवा ट्रॅक्टरबद्दल जे वाचक मला लिहितात, त्यांनाही मी हेच सांगत आलो आहे.

आता तुमच्या पत्रातील एका गृहीताकडे वळतो. ‘इंजिनाने दगा दिला’ असे तुम्ही लिहिले आहे. पण नेमके काय बिघडले होते, गाडी कुठे बंद पडली, कोणी ओढून आणली, यातले काही पत्रात नाही. मी वेगळेच एक गणित केले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. 1986 मध्ये पंधरा मिळवले की 2001 येते, मग 2006, 2011 आणि 2016. म्हणजे ज्या वर्षी गाडीवर ताडपत्री पडली, त्याच वर्षी तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. आरटीओच्या खेपा, पर्यावरण कर, विमा आणि वाढते वय यांचा विचार करून वडिलांनी तिला चालू स्थितीतच उभी केली असेल, हेही शक्य आहे. मी तसे ठामपणे म्हणत नाही. पण दगा देऊन बंद पडलेले इंजिन आणि चालता चालता उभे केलेले इंजिन यांची तपासणी वेगवेगळ्या दिशेने सुरू होते, म्हणून हे आधी शोधून काढा. आरसी बुक आणि जुन्या विम्याचे कागद बहुधा घरातच कुठल्या तरी पिशवीत सापडतील.

आणि माहीतगार माणूस तर घरातच आहे. पत्राच्या शेवटी, जणू आठवण म्हणून, तुम्ही आईचे तांब्याभर पाण्याचे वाक्य दिले आहे. मला ते तिन्ही निदानांपेक्षा मोलाचे वाटते. आठवड्यातून जेमतेम थोडी फिरणाऱ्या गाडीला दर रविवारी तांब्याभर पाणी लागत असेल, तर ते कुठे तरी जात होते. वॉटर पंपाच्या सीलमधून, होज पाइपच्या जोडातून किंवा रेडिएटरच्या तळातून ते गळत असेल, तर ते सोपे आणि स्वस्त दुखणे आहे. ते इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधल्या पट्टीतून, म्हणजे हेड गॅस्केटमधून, सिलिंडरमध्ये जात असेल, तर काम मोठे आहे, पण तेही बोअर करण्याइतके मोठे नाही. आईला आणखी विचारा : गाडीखाली फरशीवर ओल दिसायची का? सकाळी सुरू करताना पांढरा धूर यायचा का? खंबाटकीच्या घाटात थांबून बॉनेट उघडावे लागायचे का, आणि तसे पहिल्यापासूनच होते की शेवटच्या काही वर्षांत सुरू झाले? ज्या व्यक्तीने तीस वर्षे त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून प्रवास केला, तिला या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असणार. फक्त गाडीच्या बाबतीत बायकांना कोणी काही विचारत नाही, एवढेच.

ही उत्तरे हातात येईपर्यंत गाडी पुन्हा सुरू करू नका. काटा वर गेला असताना तुम्ही लगेच बंद केली हे फार बरे केले. पद्मिनीच्या 1089 सीसीच्या इंजिनात बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड बसवलेले असते आणि तापून वाकण्यात ॲल्युमिनियमचा हात कोणी धरणार नाही. शिवाय ही दोन धातूंची जोडी वर्षानुवर्षे साध्या, कदाचित विहिरीच्या, पाण्यात उभी आहे. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती, गंज आणि क्षार यांचा गाळ साचलेला असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून प्रथम पाणी आणि तेल दोन्ही काढा. काढताना ती स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा आणि पाहा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? तेल काळे आहे की दूध घातलेल्या चहासारखे झाले आहे? तसे झाले असेल, तर तांब्याभर पाण्याचा हिशोब तिथेच लागतो. टाकीतले पेट्रोलही काढून टाका, कारण ताजे पाच लिटर जुन्या, डिंकासारख्या झालेल्या गाळावर ओतले गेले आहे. आणखी एक गोष्ट अशी की, आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि 1986 च्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. हा खर्च मात्र कोणत्याही निदानाची वाट न पाहता करावा, कारण गरम इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आग असते.

मिसिंगबद्दल मला एक साधी शंका आहे. तुमच्या पत्राप्रमाणे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेच नव्या वायरी घातल्यावर. या इंजिनाच्या चार सिलिंडरांत पेट्रोल जळण्याचा क्रम 1-3-4-2 असा आहे. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून निघणाऱ्या चार वायरी त्याच क्रमाने, रोटर फिरतो त्या दिशेने लागाव्या लागतात, आणि घाईत दोन वायरींची अदलाबदल होणे ही गॅरेजातली रोजची गोष्ट आहे. तशी चूक झाली असेल तर इंजिन दोन सिलिंडरांवर धडपडते, कार्बोरेटरमधून शिंकते आणि ऐकणाऱ्याला वाटते की आतले सगळे संपले. हे पाहायला पाच मिनिटे लागतात. वायरी बरोबर असल्या, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, पाहा. इतकी वर्षे न फिरलेल्या पॉइंटवर राखाडी थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो साफ करून, फीलर गेजने अंतर लावून, मगच ठिणगी बघायची. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळट आणि मरगळलेली दिसली तर कंडेन्सर किंवा कॉइल पाहावी. पुढे इंजिन सुरू करण्याची वेळ येईल तेव्हा जाड रबराच्या मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहा. जी काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही. तिसऱ्या मिस्त्रीने कार्बोरेटरचे नाव घेण्याआधी एवढे केले असते, तर त्याच्या बोलण्याला वजन आले असते. कार्बोरेटरचा दोष सहसा चारही सिलिंडरांना थोडाथोडा जाणवतो, एकालाच गाठत नाही. तरीही कार्बोरेटर उघडून, जेट मोकळे करून, फ्लोट तपासून स्वच्छ करावा लागेलच. तो बदलण्याचे कारण मात्र मला अजून दिसलेले नाही.

आता निळ्या धुराकडे येऊ, कारण बोअरचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, इतकेच खरे. ते कुठून येते हे धूर सांगत नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा खाचांमध्ये चिकटतात, व्हॉल्वच्या गाइडवरून तेल खाली झिरपलेले असते, आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांत जे जळते ते बरेचसे हे साठलेले तेल असते. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा काही दिवस चालवल्यावर आपोआप मोकळ्या होतात. म्हणून पुढची पद्धत अशी ठेवा. चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, प्लग बाहेरच ठेवून, दोघांनी हलकेच पुढे-मागे ढकला. इंजिन मोकळे फिरते की कुठे अडते, हे हाताला कळते. ते मोकळे फिरले की टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातले, अंतर लावून घ्या, कारण एखादा व्हॉल्व किंचित उघडा राहिला असेल तर पुढचे सगळे आकडे फसवे येतात. त्यानंतर कम्प्रेशन गेज. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा फेरे.

येणारे चार आकडे एका ओळीत लिहा. ते किती मोठे आहेत यापेक्षा ते एकमेकांशी किती जुळतात, हे आधी पाहायचे. चारही जवळपास सारखे, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत, असतील तर ज्याने बोअर सांगितले त्याला नम्रपणे नकार द्या. शेजारशेजारचे दोन सिलिंडर खूप खाली असतील, तर त्या दोघांमधली हेड गॅस्केट उडाली आहे, आणि मग आईच्या तांब्याचा अर्थही लागतो. एकच सिलिंडर खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती भरली. आकडा हलला नाही तर दोष व्हॉल्वचा किंवा गॅस्केटचा आहे आणि काम हेडपुरते मर्यादित आहे. चारही खाली असून चारही तेलाने चढले, आणि दोन-चारशे किलोमीटर चालवूनही धूर थांबला नाही, तर मात्र पहिला मिस्त्री बरोबर ठरला. तेव्हाही आधी ‘हाफ इंजिन’ म्हणजे रिंगा, हेड आणि गॅस्केट एवढ्यावर भागते का ते विचारा. बोअर किती झिजला आहे ते आत मोजून दाखवल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला पाठवायचा नाही.

तापण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा हात पोळून घेतले आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. माझ्याकडे एकेकाळी हीच गाडी होती आणि ती कात्रजच्या घाटात उकळायची. एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी हेड उतरवले, गॅस्केट नवी घातली, आठ दिवस बसने फिरलो, आणि नवव्या दिवशी गाडी त्याच वळणावर तशीच उकळली. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने बॉनेट उघडून माझ्या मुलाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि मला रेडिएटरचा खालचा होज पाइप बघायला लावला. वेग वाढला की तो पाइप चपटा होत होता. आतले रबर मऊ पडले होते, पंपाच्या ओढीने पाइपच्या भिंती एकमेकींना चिकटत होत्या आणि पाणी थांबत होते. उभ्या गाडीत तो चांगला गुबगुबीत दिसायचा. तेव्हा तुम्हीही हेडकडे जाण्याआधी पाइप, थर्मोस्टॅट, फॅन बेल्टचा ताण, आणि इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे तर पडलेले नाही ना, हे पाहा. मागे पडलेल्या टायमिंगनेही इंजिन तापते. जुना काटाही खोटे बोलू शकतो. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो, त्याने हेडजवळचे खरे तापमान मोजा. आणि थंड इंजिनावर, झाकण काढून गाडी सुरू केल्यावर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर गॅस्केटबद्दल फारशी शंका उरत नाही. गरम असताना ते झाकण कोणीही उघडू नये.

दुसऱ्या मिस्त्रीचा पर्याय, म्हणजे दुसरे इंजिन टाकणे, मी सरसकट वाईट म्हणणार नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, आणि त्या ताफ्यातली इंजिने अजून इकडेतिकडे मिळत असावीत. पण मिळणारे इंजिन टॅक्सीत किती लाख किलोमीटर धावले आहे ते कोणी लिहून देणार नाही. म्हणजे ज्या इंजिनाचा इतिहास तुमच्या आईला पाठ आहे ते काढून, ज्याचा इतिहास कोणालाच ठाऊक नाही ते तुम्ही बसवणार. शिवाय इंजिन क्रमांक बदलला की त्याची आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, आणि भंगारातल्या इंजिनाचे कागद नीट नसतील तर तिथेच अडते. इंजिन पेट्रोलऐवजी डिझेलचे असेल तर प्रश्न आणखी वाढतो. रिंगा, गॅस्केट, पॉइंट यांसारखे सुटे भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधले तर अजून मिळतात, तेव्हा भाग मिळत नाहीत म्हणून इंजिन बदला, हे कारण आज तरी पटण्यासारखे नाही.

इंजिन बदलल्यावर ती गाडी बाबांची राहील का, असे तुम्ही विचारले आहे. तीस वर्षांत वडिलांनी तिचे टायर, बॅटरी, क्लच प्लेट, बहुधा एकदा रिंगाही बदलल्या असतील, आणि त्यांना हा प्रश्न पडला नसावा. ते गाडी वापरत होते. तुम्ही ती जपता आहात. या दोन्हींत फरक आहे आणि तो स्वाभाविक आहे, पण गॅरेजात उभे असताना तो फरक महाग पडतो, कारण समोरच्याला कळते की हा माणूस नाही म्हणणार नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायला सांगा. तुमच्या मनाला ते बरे वाटेल आणि बदललेला भाग खरोखर खराब होता का, तेही घरी निवांत पाहता येईल.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल मी जरा कडक होणार आहे. इंजिन चालू झाले म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला योग्य झाली, असे होत नाही. पद्मिनीचे चारही ब्रेक ड्रमचे आणि तेलावर चालणारे आहेत; इतकी वर्षे उभ्या गाडीत त्यांचे सिलिंडर आतून गंजलेले आणि रबर फुगलेले असते. इंजिनावर पहिला मोठा खर्च करण्याआधी ब्रेक पूर्ण करून घ्या. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा; ते आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि 2016 च्या आधीचे वर्ष निघाले तर नक्षी कितीही चांगली दिसो, टायर बदला. नोंदणी, विमा आणि पीयूसीशिवाय गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणीची सवलत पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे, आणि तुमच्या गाडीला त्यासाठी 2036 उजाडावे लागेल. हे सगळे सहा महिन्यांत होईलही, पण एखादा कागद अडला तर पंचाहत्तरीच्या दिवशी इंजिन अंगणात सुरू करून आईला आपल्या जागेवर बसवणे एवढाच कार्यक्रम ठेवा, आणि वाईला दुसऱ्या गाडीने जा. आईला गाडीतून फिरायचे आहे का, हे मात्र तुम्ही पत्रात कुठे लिहिलेले नाही. ते तिला विचारलेले नसेल, तर पाण्याबद्दल विचारताना तेही विचारा.

भावाचे म्हणणेही अगदीच सोडून देऊ नका. तपासणीत ब्लॉकला तडा निघाला किंवा चासीखालचा पत्रा गंजून जाळी झालेला दिसला, तर त्याचा सल्ला खर्चाच्या दृष्टीने बरोबर ठरेल. त्याला तपासणीच्या दिवशी गावाला बोलवा आणि आकडे त्याच्या हाताने लिहून घ्या. गाडीबद्दल तुमचे जे भांडण चालले आहे, ते निदान एकाच कागदावर बघून तरी होईल.

या शनिवारी गावी जाल तेव्हा एक साधी वही न्या. पहिल्या पानावर आईला विचारून लिहा : रविवारी नक्की किती पाणी लागायचे, पूर्ण तांब्या की अर्धा, आणि कोणत्या वर्षापासून. त्यानंतर प्लग काढायला घ्या.